लग्न लावणाऱ्याच्या घरचं लग्न

माझ्या पोरीचं लग्न लावायला आम्ही बाई भाड्याने आणली होती. ‘भाड्याने’ म्हटलं की बायको डोळे वटारते. “अहो, भाड्यानं टेम्पो आणतात. बाईंना बुक केलं म्हणा.” बरं, बुक केलं. लग्न लावणं हाच त्या बाईंचा व्यवसाय आहे. त्या नवरा-नवरीला भेटतात, घरच्यांशी बोलतात, यांचं कसं जमलं, लहानपणी कोण कसं होतं, सगळं विचारून घेतात आणि त्या दोघांपुरता एक नवाकोरा विधी लिहून काढतात. मग लग्नाच्या दिवशी माइक घेऊन स्वतः उभ्या राहतात. भटजी नाही, भंतेजी नाही. आता असंही निघालंय. निघू दे. आपलं काही म्हणणं नाही.

म्हणणं नाही कसं? आहेच. मी स्वतः लग्नं लावतो.

दिघ्यात येऊन मला उभा जन्म झाला. मराठवाड्यातून आलो तेव्हा धड मिशीही फुटली नव्हती. पुढे एका केमिकल कंपनीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. आठवडाभर बस आणि रविवारी लग्नं. आमच्या बौद्ध समाजात लग्न लावणाऱ्याला बौद्धाचार्य म्हणतात. त्यासाठी शिबिर करावं लागतं, पाठांतर लागतं आणि मुख्य म्हणजे आवाज लागतो. तो मला आहे. माइक बंद पडला तरी मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू जातं. टेबलावर पांढरी चादर घालायची, तिच्यावर दोन तसबिरी. एक तथागतांची आणि एक आमच्या बापाची. कुणाची ते महाराष्ट्रात सांगावं लागत नाही. मेणबत्ती लावायची, सगळ्यांनी उभं राहून हात जोडायचे. मी वंदनेची एकेक ओळ म्हणायची, ती सगळ्यांनी माझ्यामागून म्हणायची. मग नवरा-नवरीच्या प्रतिज्ञा, मग फुलांचा वर्षाव. झालं लग्न. अक्षता नाहीत, मुहूर्ताचं लचांड नाही. जेवण सोडलं तर मी कुणाचं काही घेत नाही.

दिघ्याच्या चढावर अशी गल्ली नाही जिथं मी लग्न लावलेलं जोडपं राहत नाही. त्यांची भांडणंसुद्धा माझ्याच दारात येतात. “आचार्य, तुम्हीच लावलंत, आता तुम्हीच निस्तरा.” मी म्हणतो, पसंत करताना मला विचारायला आला होता का रे? जा घरी, दोघं मिळून भांडी घासा. जातात बिचारे.

मला एकच पोरगी. चार वर्षांची असल्यापासून रविवारी माझ्याबरोबर यायची. पांढरा फ्रॉक, केसांना दोन रिबिनी आणि हातात फुलांचं ताट. मुळाक्षरं यायच्या आधी तिला वंदना पाठ झाली. एवढी पाठ, की मी माइक तोंडाशी नेईपर्यंत ही खालून सुरूच करायची. माणसं हसायची, मी डोळे मोठे करायचो, ती ताटाआड तोंड लपवायची. एकदा असंच एक लग्न लावून ऐरोलीहून स्कूटरवर येत होतो. ही पुढे उभी. म्हणाली, “पप्पा, माझं लग्न कोण लावणार?”

“मीच. दुसऱ्या कुणाला हात लावू देईन का?”

“आणि फुलं कोण धरणार?”

हा प्रश्न मात्र अवघड होता. ती नवरी झाल्यावर ताट कुणाकडे? घर येईपर्यंत आमची त्यावर चर्चा चालली. शेवटी ताट मम्मीकडे द्यायचं ठरलं. मी ते विसरलो नाही. खरं सांगतो, पोरीच्या लग्नात मला दुसरं काहीही नको होतं. हॉल कुठला, जेवणात काय, मानपान कुणाचा, मला कशाचं पडलेलं नव्हतं. वंदना मी म्हणायची, बस्स. तेवढ्या एका गोष्टीची मी वाट बघत होतो.

पोरगी शिकली, इंजिनिअर झाली, ऐरोलीतल्या कंपनीत लागली. तिथंच तिला मुलगा भेटला. कामोठ्याचा. मूळचे साताऱ्याकडचे, वडील बँकेतून रिटायर, आई शाळेत शिकवायच्या. जात वेगळी, धर्म वेगळा. मी पोरीला एवढंच विचारलं, “माणूस बरा आहे ना?” म्हणाली, “तुमच्यापेक्षा शांत आहे.” मी म्हटलं, आपला फ्रिजसुद्धा माझ्यापेक्षा शांत आहे, त्यात काय विशेष? खूप हसली.

ती मंडळी आमच्या घरी आली. चढ चढून मुलाच्या वडिलांना धाप लागली होती. बायकोने चहा दिला. मुलाच्या आईने कप उचलला, बोलता बोलता सगळा चहा प्यायल्या. मी बघत होतो. आमच्या पिढीला हे बघायची खोड आहे. पोरांना ती कळत नाही, कळूही नये. रिकामा कप खाली ठेवला गेला तेव्हा मी मनातल्या मनात म्हटलं, जमलं.

जमलं खरं, पण लावायचं कसं यावर घोडं अडलं. त्यांच्याकडे भटजी, आमच्याकडे मी. मुलाची आजी म्हणे, मंगलाष्टका झाल्याशिवाय लग्न लागतं का? आमची भावकी म्हणे, भटजी उभा राहिला तर आम्ही हॉलची पायरी चढणार नाही. दोन्हीकडून फोनाफोनी, नुसतं टेन्शन. शेवटी पोरीने आणि जावयाने मिळून तोडगा काढला. एका संध्याकाळी ऑफिसातून आली ती चप्पल काढता काढताच म्हणाली, “पप्पा, आम्ही न्यूट्रल करायचं ठरवलंय. भटजी पण नाही आणि आपलं पण नाही. एक मॅडम आहेत, त्या लावतील.”

बस चालवलेल्या माणसाला न्यूट्रल शिकवते! उतारावर गाडी न्यूट्रलला टाकली की ती उभी राहत नाही, उतार असेल तिकडे आपोआप जाते. झालंही तसंच. हळद त्यांच्या पद्धतीने, कारण ती घरची हौस. अंतरपाट राहिला, कारण तो म्हणे कल्चरचा भाग. सात पावलं राहिली, कारण फोटो छान येतात. आमचं काय राहिलं, तर फुलं. “बघा ना पप्पा, अक्षता नाहीत, फुलं आहेत. हे आपलंच ना?” मी म्हटलं, हो बाई, फूलबाजार सगळा आपलाच.

बायको ओट्यापाशी उभी होती. तिथूनच ओरडली, “पोरीच्या लग्नात वाकडं लावू नका हां, सांगून ठेवते!”

“वाकडं कोण लावतंय? मी फक्त विचारतोय. मी काय करायचं त्या दिवशी? पार्किंग बघू?”

पोरगी माझ्यासमोर खाली बसली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, “पप्पा, तुम्ही सगळ्यांच्या लग्नात स्टेजवर असता. माझ्या लग्नात फक्त माझे पप्पा म्हणून बसा ना. पहिल्या रांगेत. बाकीचं सगळं दुसरं कुणीतरी करेल.”

माझं पार पाणी झालं. मी “बरं” म्हणालो आणि नाक शिंकरायला बाहेर गेलो.

तरी आत कुठंतरी आशा होतीच. माझी एक सवय आहे, ती मला माहीत आहे. वंदनेनंतर मी बोलत सुटतो. बावीस प्रतिज्ञा सगळ्याच्या सगळ्या म्हणवून घेतो. त्यात देवदेवता मानणार नाही असं जे आहे, ते कामोठ्याच्या पाहुण्यांसमोर म्हटलं असतं तर जेवणाआधीच पंगत उठली असती. एवढं मलाही कळतं. जन्मभर गाडी चालवली, ब्रेक कुठं मारायचा ते कळतं. म्हणून मी ठरवलं, प्रतिज्ञा नाहीत, भाषण नाही, फक्त वंदना. रोज सकाळी न्हाणीत म्हणून बघायचो. बादली भरायच्या आत आटोपायची. बायकोला म्हटलं, “एवढ्यात कुणाचं काय जातंय गं?” ती म्हणाली, “मी घालते तिच्या कानावर.” घातलंही तिने. पोरगी म्हणाली, “बघू.” त्या एका ‘बघू’वर मी लग्नापर्यंत खूश होतो. शेजारपाजारच्यांना सांगूनही मोकळा झालो की छोटीशी वंदना आहे माझी.

मग त्या मॅडम भेटायला आल्या. मला वाटलं होतं, कुठल्या तरी मॉलमध्ये बोलावतील आणि कडू कॉफी पाजतील. पण त्या दिघ्याचा चढ चढून घरी आल्या. पायात बूट, खांद्याला पिशवी, वय चाळिशीच्या आसपास. आल्या आल्या तसबिरींना हात जोडले, पंख्याखाली बसल्या आणि मोकळेपणाने पाणी मागितलं. मी नाराज व्हायचं ठरवून बसलो होतो. पण समोरचं माणूस वाईट असेल तर नाराज होता येतं. ही बाई चांगली निघाली, आता काय करता!

पोरगी ऑफिसला गेली होती, घरी आम्ही दोघंच. मॅडमनी बायकोला विचारलं, “काकू, तुम्ही दोघं पहिल्यांदा कुठं भेटलात?”

“भेटतोय कुठं? हे मला बघायला आले आन् माझ्या भावासंगं गाड्यांच्या गप्पा हाणत बसले. मला बघितलंच न्हाई.”

“बघितलं होतं,” मी म्हटलं. “गाडीच्या आरशात कसं बघतात, तसं.”

मॅडम इतक्या मनापासून हसल्या की माझी गाडी सुटलीच. मी त्यांना पांढरा फ्रॉक सांगितला, रिबिनी सांगितल्या, ताटाआड लपणं सांगितलं, वंदना कशी म्हणायची ते म्हणून दाखवलं. स्कूटरवरचं बोलणं तेवढं सांगितलं नाही. ते आमच्या दोघांचं होतं. मग त्यांनी विचारलं, “काका, नव्या जोडप्याला तुम्ही काय सांगता?” मी म्हटलं, एकच सांगतो. भांडा, पण जेवायला एकत्र बसा. ताट वेगळं झालं की बाकीचं वेगळं व्हायला वेळ लागत नाही. त्यांनी ते लिहून घेतलं. जाताना दारात वळून म्हणाल्या, “काका, काय आवाज आहे हो तुमचा!” दोन दिवस मी तेच बायकोला ऐकवत होतो. शेवटी ती म्हणाली, “आता माझे कान बसतील.”

लग्न कामोठ्यात होतं. दिघ्याची आमची सगळी माणसं माझ्याच जुन्या बसने आली. माझ्या जागी जो ड्रायव्हर लागला, त्याने कंपनीत सांगून बस मागून आणली होती. पोरीची साडी पांढरी नव्हती, लालही नव्हती. मोतिया रंगाची, लाल काठांची. दोन्हीकडचं राखलं होतं तिने. मी शेरवानीला साफ नकार दिला होता. लग्न लावायला जातो तोच पांढरा शर्ट, तीच पांढरी पॅन्ट, फक्त इस्त्री धोब्याकडची. वाटलं, ऐनवेळी बोलावलं तर कपड्यावाचून अडायला नको.

हॉलच्या दारातच मॅडम भेटल्या. माझ्या दंडाला हात लावून हळूच म्हणाल्या, “काका, आज अजिबात बोलायचं नाही हं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. माझ्या पोरीचं लग्न आणि मलाच तोंड बंद ठेवायला सांगते! घरी येऊन माझं पाणी प्यायलीस, माझ्या गोष्टी घेऊन गेलीस! मी तोंड उघडणार तेवढ्यात बायकोने असा चिमटा काढला की अजून आठवतो. मी मुकाट पहिल्या रांगेत जाऊन बसलो. ‘बघू’चा अर्थ मला तिथंच कळला.

पण खोटं कशाला बोलू? बाईंनी लग्न फार सुंदर लावलं. मी इतकी लग्नं लावली, माझ्या लग्नांत माणसं टाळ्या वाजवतात, हसतात, भुकेने घड्याळ बघतात. इथं माणसं रडत होती. जावयाच्या आजोबांची गोष्ट सांगितली, त्या दोघांचं ऑफिसातलं पहिलं भांडण सांगितलं. बायकोचा आणि माझा आरसाही सांगितला, तेव्हा दिघ्याच्या रांगांतून शिट्ट्या आल्या. मग जेवायला एकत्र बसण्याचं सांगितलं. “हे माझं नाही,” म्हणाल्या, “हे नवरीच्या वडिलांचं आहे.” सगळ्या हॉलने माझ्याकडे वळून पाहिलं. माझा राग तिथंच विरघळला. बायकोने पर्समधून रुमाल काढून माझ्या हातात कोंबला.

शेवटी फुलांची वेळ आली. ताट नव्हतं. हॉलच्या पोरींनी कागदाच्या पुड्यांत घालून पाकळ्या वाटल्या. एक पुडी बायकोच्या हातात, एक माझ्या हातात. आणि मॅडम बोलू लागल्या. एक छोटी मुलगी होती, पांढऱ्या फ्रॉकमधली. हातात फुलांचं ताट घेऊन बापाशेजारी उभी राहायची. बाप लग्न लावायचा. आणि बापाने माइक तोंडाशी न्यायच्या आधीच ही सुरुवात करायची.

एवढं बोलून मॅडम थांबल्या. माझ्या हातात फुलं, समोर नवरा-नवरी, सगळे गप्प. आयुष्यभर या जागी मी एकच गोष्ट केलेली आहे. मी कधी उठलो, मला कळलं नाही. वंदनेचे पहिले दोन शब्द माझ्या तोंडून गेले. माइक नव्हता. मला लागतो कुठं?

दिघ्याची अख्खी बाजू एका झटक्यात उभी राहिली. खुर्च्या मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला. सगळ्यांचे हात जोडलेले, पुढच्या ओळीची वाट बघत. त्यांचं बघून पलीकडचेही काही जण उभे राहिले. आणि मी स्टेजवर पाहिलं तर पोरीचेही हात जोडले गेले होते. मान खाली, डोळे मिटलेले. फुलांचं ताट धरणारी माझी पोर.

मग तिने डोळे उघडले. आधी सासरच्या रांगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जोडलेले हात तिने सोडले. आणि मान हलवली, एवढीशी. नाही म्हणून.

मी थांबलो. मागे एका लग्नात मंडप उडाला तेव्हा थांबलो नव्हतो. लाइट गेली, पाऊस आला, एकदा तर नवऱ्याच्या मामाला चक्कर आली, तेव्हाही वंदना पुरी करूनच पाणी मारलं होतं. आमच्याकडे वंदना सुरू झाली की पुरी होईपर्यंत कुणी बसत नाही आणि कुणी थांबत नाही. मी थांबलो आणि खाली बसलो. माझी माणसं मात्र तशीच उभी. त्यांना बसा म्हणणारा माणूस मीच, आणि मी पायाखालच्या फरशीकडे बघत होतो. मॅडमनी सावरलं. म्हणाल्या, “वडिलांचा आशीर्वाद मिळाला. चला, आता आपण सगळे फुलं उधळू या.” पाकळ्या पडल्या. बँडवाल्याने वाजवायला घेतलं. आमच्या माणसांनी जोडलेले हात सोडवून, एकमेकांकडे बघत फुलं टाकली. लग्न लागलं.

जेवणाला आम्हाला व्याह्यांच्या टेबलावर बसवलं होतं. मी ताटात चमचा फिरवत होतो. मला राग होता तो सासरच्यांवर. बरोबर आहे, म्हटलं, चहाचा कप रिकामा केला म्हणजे सगळं संपलं थोडंच? आतून नकोच होतं ना आमचं काही! यांनीच पोरीला दटावलं असणार. मी मनात भाषण तयार करत होतो, तेवढ्यात मॅडम ताट घेऊन माझ्याशेजारी येऊन बसल्या.

“काका, घसा फार दुखतोय का हो?”

“घसा?”

“नवरीताईंनी सांगितलं ना मला. मी त्यांना म्हटलं होतं, फुलांच्या आधी वंदना काकांनीच म्हणावी, त्यासारखं दुसरं काही होणार नाही. मी तर जागा ठेवली होती. मुलाकडच्यांना विचारूनच ठेवली होती. मग ताई म्हणाल्या, पप्पांच्या घशाचं दुखणं वाढलंय, डॉक्टरांनी मोठ्याने बोलायची बंदी केलीय, त्यांना आग्रह केला तर ते डॉक्टरांचं ऐकणार नाहीत आणि त्रास होईल. म्हणून सकाळी तुम्हाला म्हटलं, बोलू नका. आणि मघाशी तुम्ही दोन शब्दांवर थांबलात, तेव्हा मला इतकं वाईट वाटलं.”

माझ्या हातातला चमचा हातातच राहिला. शेजारी बायकोचा घास तोंडाशी गेलेला थांबला.

समोरून विहीणबाई म्हणाल्या, “अगंबाई, तरीच! आमच्या सासूबाई मघापासून विचारतायत, ते मध्येच का थांबले म्हणून. त्यांना ऐकायचं होतं. आमच्यात कधी कुणी ऐकलंच नाही ना हो.” आणि वाढप्याला हाक मारून त्यांनी माझ्यासाठी गरम पाणी मागवलं.

इतका वेळ ज्यांच्यावर दात खात होतो, ती माणसं समोर बसून माझ्या घशाची काळजी करत होती. मग नको कुणाला होतो मी? आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडे करायची? माझी पोर मला लाजली, की मी बोलत सुटेन म्हणून घाबरली, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. लाजली असेल तर काळीज फाटतं. घाबरली असेल तर वाटतं, अगं, एकदा मला तोंडावर सांगायचं होतंस, पप्पा, नका म्हणू. मी म्हटली नसती. पहिल्या रांगेत बसा म्हणालीस तेव्हा मी बसलोच होतो ना?

वाढप्या पेला घेऊन आला. सगळे माझ्याकडे बघत होते. पोरगी स्टेजवर फोटो काढून घेत होती, हसत होती. त्या टेबलावर तिला मी खोटं पाडणार होतो की काय?

“हो,” मी हळू आवाजात म्हटलं. “बरेच दिवस झाले. बसलाय घसा.” आणि ते गरम पाणी फुंकर मारून मारून सगळं प्यायलो. बायको टेबलाखाली माझा हात धरून बसली होती. एरवी चारचौघांत ती माझा हात धरत नाही.

पाठवणीच्या वेळी पोरगी आधी आईच्या गळ्यात पडली, मग माझ्या. सगळा मेकअप माझ्या पांढऱ्या शर्टाला लागला. रडत रडत म्हणाली, “पप्पा, काहीतरी बोला ना. तुम्ही गप्प का?”

शपथेवर सांगतो, मी ते रागाने म्हटलं नाही. दुसरं काही सुचलंच नाही. तिच्या कानाशी म्हटलं, “डॉक्टरांची बंदी आहे ना, बाळा. घशाची.”

तिचं रडणं एकदम थांबलं. माझ्या खांद्यावरून तिने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. चेहरा उतरला तिचा. मग तिने तळहात माझ्या गळ्यावर ठेवला, लहानपणी मी वंदना म्हणताना गळा कसा हलतो ते बघायला ठेवायची तसा. “पप्पा, मी...” म्हणाली. मला म्हणायचं होतं, जाऊ दे गं, काही झालं नाही, सुखी राहा. एक अक्षर बाहेर आलं नाही. करवल्यांनी तिला धरून गाडीत बसवलं. सासर हॉलपासून दोन गल्ल्यांवर. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

आम्ही आमच्या माणसांबरोबर बसने दिघ्याला निघालो. मी पुढच्या सीटवर, नव्या ड्रायव्हरच्या बाजूला. बस हायवेला लागली. मग मागून एक म्हातारी म्हणाली, “आचार्य, ती वंदना अर्धीच राहिली की हो. पोरीच्या लग्नातली अर्धी ठेवू नये. आता म्हणा. आमी म्हणतो मागनं.” दोघं-तिघं लगेच उभे राहिले, वरच्या दांडीला एक हात धरून, दुसरा छातीशी घेऊन. पाठोपाठ सगळी बस उभी राहिली. नव्या ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन उभी केली.

मी मागे वळलो. त्यांची तोंडं बघितली. तोंड उघडलं.

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मग ती त्यांच्याकडे वळून म्हणाली, “बसा सगळे. त्यांचा घसा बसलाय.”

खरंच बसला होता.